अटी वाचून घाबरलास? आधी एवढं बघ

अरे, अ‍ॅडोबीसारख्या (फोटोशॉपवाली कंपनी) डिझाइन सॉफ्टवेअरच्या अटींत 'रॉयल्टी-फ्री लायसन्स' (तुझं काम मोबदला न देता वापरायची परवानगी) वाचून सगळेच दचकतात, पण मालकी वेगळी आणि लायसन्स वेगळं, चित्र तुझंच राहतं, क्लाउडवर ठेवायला, थंबनेल दाखवायला कंपनीला तेवढी परवानगी लागतेच. खरी मेख ती परवानगी कशाकशासाठी आहे यात असते. जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीच्या अटींवरून एवढी बोंब झाली की त्याच महिन्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं, तुमच्या कामावर जनरेटिव्ह एआय (नवी चित्रं वगैरे बनवणारं) ट्रेन करणार नाही ('अ‍ॅडोबी स्टॉक' या त्यांच्या चित्रविक्रीच्या बाजारात विकायला दिलेलं सोडून).

सुरुवातीला एवढंच कर:
- प्रायव्हसी सेटिंगमध्ये कंटेंट अ‍ॅनालिसिस (कंपनीने तुझ्या फाइल्सचं विश्लेषण करणं) बंद.
- क्लायंटचं गोपनीय काम क्लाउडवर नको, स्वतःच्या डिस्कवरच.
- अटी बदलल्या की न वाचता 'अ‍ॅग्री' दाबू नकोस, मी वर्षानुवर्षं हीच चूक केली! निदान 'कंटेंट'चा भाग तरी वाच.

कॉपीराइटचं बाकी कायदेशीर पुराण नंतर.