मांजराच्या पिल्लाचं पोट फुगलंय, जंत असतील का?

म्हापशाच्या बाजारातून उचलून आणलेलं दीड महिन्याचं पिल्लू, खातंय, खेळतंय, पण पोट टम्म, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक जंतच. गोलकृमी आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात जातात, त्यामुळे 'त्याने अजून बाहेरचं काही खाल्लं नाही' यावर विसंबू नका. पाठीचा कणा हाताला लागतोय आणि पोट तेवढं मोठं, ही नेहमीची खूण. उलटीत किंवा शीमध्ये शेवयांसारखं काही दिसलं की शंकाच नको. जेवल्यावर पोट गोल दिसणं मात्र साधं आहे. सकाळी खाण्याआधी बघा.

औषध वजनावर ठरतं, म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरकडेच न्या, डबीत शीचा नमुनाही घ्या. पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल देतात. एका डोसात भागत नाही, दर दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. पिसवा असतील तर तेही सांगा, त्यांच्यातून पट्टकृमी (पट्टीसारखे चपटे जंत) होतात. पण कुत्र्याची पिसवांची पावडर लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं.

गाईचं दूध बंद करा, त्याने जुलाब होतात. उकडलेला बांगडा काटे काढून चालेल, हुमण (माशाची तिखट आमटी) नको. (आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही.)

पिल्लू मलूल झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, उलट्या थांबेनात, शी बंद झाली किंवा पोटाला हात लावताच ओरडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप आणि पोटात पाणी असेल तर एफआयपीची (मांजरांच्या एका गंभीर विषाणूजन्य आजाराची) तपासणी करावी लागते.