वाइल्डकार्ड नियम कधी चालतो, कधी अडतो: आधी डीएनएसची वाट तपासा

फायरवॉलमध्ये '*.एक्झाम्पल.कॉम'ला, म्हणजे त्या डोमेनखालच्या सगळ्या नावांना, ४४३ पोर्टवर (एचटीटीपीएस) परवानगी दिलीय, तरी सकाळी चालतं आणि दुपारी अडतं, असं तुम्ही लिहिलंय. नियमाला इतक्यात हात लावू नका.

पॅकेटच्या हेडरमध्ये नाव नसतं, आयपी म्हणजे आकडी पत्ता असतो. नियमात पूर्ण नाव दिलं तर फायरवॉल स्वतः डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेला, विचारतो आणि टीटीएल (उत्तराची मुदत) संपला की पुन्हा विचारतो. वाइल्डकार्डसाठी विचारणार काय? 'या डोमेनखालची सगळी नावं सांग' असा प्रश्न सर्वसाधारण डीएनएसला विचारता येत नाही. म्हणून बरेच फायरवॉल आपल्यातून जाणारी डीएनएस उत्तरं वाचतात आणि जुळणाऱ्या नावाचा पत्ता यादीत टाकतात. जे उत्तर त्याने पाहिलंच नाही, तो पत्ता त्याच्यासाठी अनोळखीच.

तेव्हा तुमचा आतला डीएनएस सर्व्हर फायरवॉलला वगळून दुसऱ्या लिंकने बाहेर विचारत नाही ना, ते बघा. ब्राउझरमधलं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस बंद करा. ती उत्तरं एन्क्रिप्टेड असतात, फायरवॉलला वाचता येत नाहीत. शिवाय बऱ्याच उपकरणांत '*.एक्झाम्पल.कॉम'मध्ये नुसतं 'एक्झाम्पल.कॉम' येत नाही, ते वेगळं लिहावं लागतं.

आमच्याकडे फायरवॉल रीस्टार्ट केल्यावर एका सर्व्हरचा बॅकअप रात्रभर अडला होता. तो प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच नाव विचारून पत्ता धरून बसायचा. इकडे यादी पुसली गेली आणि नव्याने कुणी विचारलंच नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली, तेव्हा बॅकअप सुटला.

मला जास्त काळजी वाटते ती उलट बाजूची. सीडीएनच्या (अनेक साइटचा मजकूर पुरवणाऱ्या सामाईक सर्व्हरच्या जाळ्याच्या) एकाच आयपीवर कितीतरी साइट असतात. एका नावासाठी दार उघडलं की त्या पत्त्यावरच्या बाकीच्यांनाही ते उघडं. अ‍ॅमेझॉन आपल्या क्लाउडच्या आयपी रेंजची यादी जेसन फाइलमध्ये देतं, पण ती अख्खी यादी फायरवॉलमध्ये उघडणं म्हणजे तिथे सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या कुणालाही वाट देणं. डेटाबेससारख्या नाजूक सर्व्हरना मी वाइल्डकार्ड देतच नाही, प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) पाठवतो. प्रॉक्सीला जोडणी मागणाऱ्या 'कनेक्ट' विनंतीतच नाव मिळतं, त्यामुळे निर्णय खरोखर नावावर होतो.

आता पुन्हा अडलं की लगेच, त्याच संगणकावर, तो प्रोग्रॅम नेमका कुठल्या आयपीला जोडू पाहतोय ते नेटस्टॅट या कमांडने बघा आणि तो पत्ता फायरवॉलच्या यादीत शोधा. आधी एनएसलुकअप (डीएनएसला नाव विचारणारी कमांड) चालवू नका, नाहीतर त्या प्रश्नानेच यादी भरेल आणि खरं कारण झाकलं जाईल. पत्ता नसेल तर दोष डीएनएसच्या वाटेत. असेल तर वरचा कुठला नियम आधी लागतोय ते लॉगमध्ये दिसेल. त्या ओळी इथे टाका.