कोबा टाकायच्या आधी भिंतीच्या कडेला इन्सुलेशन हवंच का?

प्रश्न : नमस्कार, नवीन घर बांधतोय. तळमजल्याचा काँक्रीटचा बेड झालाय, त्यावर 100 मिमी इन्सुलेशन आणि वर 75 मिमी कोबा असं ठरलंय, कोब्यात फरशी गरम करायचे पाइप टाकणार आहोत कारण हिवाळ्यात थंडी भयंकर असते. भिंतीला लागून उभं इन्सुलेशनही लावतात असं ऐकलं. काँट्रॅक्टर म्हणतात खाली 100 मिमी आहे तेवढं खूप झालं, पाइपवाले म्हणतात आम्ही फोमची पट्टी लावतोच. नक्की काय करू? पुढच्या आठवड्यात कोबा पडणार.

उत्तर : लावाच, आणि कोबा पडायच्या आधी स्वतः उभं राहून लावून घ्या, कारण नंतर तिथे हात घालायचा म्हणजे कोबा फोडायचा.

खालच्या इन्सुलेशनमुळे उष्णता खाली जात नाही हे काँट्रॅक्टरचं बरोबर आहे, पण कोबा चारी बाजूंनी भिंतीला टेकला की ती आडवी भिंतीत शिरते आणि तिथून बाहेर किंवा खाली पायात जाते, काँक्रीट फोमच्या साधारण 40 पट उष्णता वाहून नेतं. घराच्या मधोमध खालची माती त्या मानाने उबदार राहते, तळमजल्याची उष्णता जाते ती जास्त करून कडेनेच. तुमच्या कोब्यात तर पाइप आहेत, म्हणजे कोबा खोलीतल्या हवेपेक्षाही गरम असणार, गळती अजून जास्त.

आणि प्रश्न फक्त बिलाचा नाही. खोलीत 20 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर दव जमायला पृष्ठभाग 9 अंशांच्या आसपास उतरावा लागतो, पण बुरशीला तेवढंही लागत नाही, साधारण 12.5 अंशांवरच भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता 80 टक्के होते आणि बुरशीचं तेवढ्यात भागतं. आमच्या आधीच्या घरात कपाट सरकवलं तर मागे स्कर्टिंगच्या वर चार बोटं काळी पट्टी, बाहेरच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी मारून काढल्यासारखी, आणि आतल्या भिंतीला एक ठिपका नाही. खालच्या खणातल्या चादरींना वास. दोन वर्षं आम्ही कुठला पाइप गळतोय ते शोधत होतो, आणि कारण होतं कोब्याची थंड कड. म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय.

आता पाइपवाल्यांची पट्टी. ती 8-10 मिमीची असते आणि तिचं मुख्य काम कोब्याला फुगायला जागा देणं. 5 मीटर लांब कोबा 20 अंशांनी तापला की साधारण 1 मिमी वाढतो, ती जागा हवीच. पण ती इन्सुलेशनची जागा घेत नाही. बाहेरच्या भिंतीला किमान 25 मिमीचा बोर्ड उभा करा, थर्माकोलचा चालेल, एक्सपीएस (थर्माकोलसारखाच, पण जास्त घट्ट फोमचा बोर्ड) असेल तर पाणी कमी धरतो म्हणून जास्त बरा, आणि त्याच्या आतल्या बाजूला पट्टी. बोर्डाचा पाय खालच्या इन्सुलेशनला घट्ट भिडला पाहिजे, माथा कोब्याच्या वरच्या पातळीपर्यंत आला पाहिजे, अर्ध्यात सोडलेला बोर्ड म्हणजे तिथून वाट मोकळी. जाडी ठरवायच्या आधी स्कर्टिंग आणि प्लास्टर मिळून किती झाकतंय ते मोजा, नाहीतर कडेला फोम दिसत राहील.

बोर्ड लावायच्या आधी भिंतीच्या पायथ्याशी सांडून सुकलेले मसाल्याचे गोळे छिन्नीने काढून टाका. त्यांच्यामुळे बोर्ड भिंतीपासून सुटतो आणि मागच्या फटीत कोबा उतरतो, बोटाएवढ्या फटीतूनही काँक्रीट भिंतीला जाऊन चिकटतं. कोपरे नीट जुळवा, सांध्यांना टेप मारा, मोठी भोकं पीयू फोमने (डब्यातून फवारला की फुगून घट्ट होतो तो) भरा. कोब्याखाली, इन्सुलेशनवर अंथरायचं प्लॅस्टिक कडेला वर वळवून घ्या म्हणजे कोब्याचं पाणी सांध्यात जाणार नाही. सगळं झालं की फोटो काढून ठेवा.

पट्टीचा वर आलेला भाग फरशी बसल्यावरच कापा, आणि फरशी भिंतीला टेकवू देऊ नका, कडेच्या फटीत सिमेंट न भरता सिलिकॉन भरा. बाहेरच्या दाराचा उंबरा सगळ्यात कच्चा दुवा, तिथे स्कर्टिंग नसतं म्हणून मिस्त्री बोर्ड सोडून देतात. तिथे बोर्ड फरशीच्या जरा खाली थांबवा पण सोडू नका.

प्रश्न : आमचा कोबा झालाय, कडेला काहीच नाही. आता काय?

उत्तर : बाहेरून करता येतं. जोत्याच्या बाहेर चर खणून 50 मिमी किंवा जास्त जाडीचा एक्सपीएस जमिनीखाली साधारण 600 मिमीपर्यंत चिकटवा आणि भिंतीला बाहेरून इन्सुलेशन असेल तर त्याला नेऊन जोडा. भिंतीत हवेच्या जाळ्या असतील तर त्या झाकू नका. जमिनीच्या वरचा भाग प्लास्टरने झाकावा लागतो, उघडा फोम उन्हात भुकटी होतो. वाळवीचा त्रास असेल तर आधी वाळवीवाल्याला विचारा, ती फोमच्या आडून न दिसता वर चढते. आणि चर एका वेळी पायाच्या तळापर्यंत नेऊ नका, पाया उघडा पडेल.