‘ह्या मुलांचं असंच असतं’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नकोस

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. भाऊ २७ वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम आहे. चार-पाच महिन्यांपासून त्याचं बोलणं आटलंय, अंघोळीला तासभर लावतो, पानात अन्न तसंच राहतं, दिवसा पेंगतो, एकटा बसून स्वतःशी पुटपुटतो. डॉक्टर म्हणाले, ‘ह्या मुलांचं असंच असतं, आता वय होत चाललं,’ आणि झोपेची गोळी लिहून दिली. तुला भीती वाटतेय ती अल्झायमरची. बाबा मागच्या दिवाळीनंतर गेले, पण ‘त्याला ते फारसं कळलं नाही, एका अर्थी बरंच झालं,’ असं तू म्हणतेस. आईबद्दल मात्र एकच ओळ आहे, की ती हल्ली सारखी चिडते.

मी डॉक्टर नाही. सांगलीत राहते. माझ्या लेकीला डाउन सिंड्रोम आहे, ती आता ३४ वर्षांची आहे, घरात सगळे तिला माई म्हणतात. तू तिच्याहून लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते.

आधी अल्झायमरचं बोलू. ही भीती अगदीच निराधार नाही. आपल्या मुलांमध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होतं, ते जनुक नेमकं ह्याच गुणसूत्रावर आहे. म्हणून चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत ते साठलेलं सापडतं. पण प्रत्यक्ष विसर पडणं, हातची कामं सुटणं हे बहुतेकांना पन्नाशीच्या आसपास सुरू होतं. ह्या विषयातले जाणकार चाळिशीनंतर दरवर्षी तपासणी करायला सांगतात आणि त्याआधी असं काही दिसलं तर दुसरी कारणं नीट शोधा म्हणतात. तुझा भाऊ २७चा आहे. सहा महिन्यांपूर्वीही त्याची गुणसूत्रं तेवढीच होती आणि तेव्हा तो बोलत होता. मग मधल्या काळात काय बदललं, ते शोधायचंय.

माई २६ वर्षांची असताना आमच्याकडे हेच झालं. ती कार्यशाळेत जायची, कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या पणत्या करायची. एकदम जायची बंद झाली. सकाळी तयार व्हायची, उंबऱ्याशी यायची, एका पायात चप्पल घालायची आणि तशीच उभी राहायची. अर्धा-अर्धा तास. दुसरी चप्पल समोर, तिच्याकडे बघतही नसे. हाक मारली तर ओ नाही. हाताला धरलं तर हात झटकायची. आम्हालाही ‘ह्यांचं असंच असतं’ हेच ऐकायला मिळालं आणि मी चार महिने ते खरं मानलं. ते चार महिने मला अजून टोचतात.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, आधी शरीर तपासू, मग मनाकडे वळू. थायरॉइड निघाला. डाउन सिंड्रोममध्ये तो कधीही मंदावू शकतो, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, वर्षातून एकदा करायचाच असतो. आम्ही चार वर्षं केलेला नव्हता, कारण ती ‘बरी होती’. मग कान. ह्या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ आत घट्ट बसतो. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान साफ केले आणि बाहेर आल्यावर माईने रिक्षाच्या आवाजाने दचकून माझा दंड पकडला. कित्येक महिन्यांत ती कशाने दचकली नव्हती. ज्याला अर्धंच ऐकू येतं तो ओ देत नाही, आणि आपण म्हणतो हा हट्टी झाला. डोळेही तपासून घे, मोतीबिंदू ह्यांना तरुणपणीही होऊ शकतो. जेवण सुटलंय तर दात-हिरड्या नक्की दाखव. ह्या लोकांना वेदना होत असतात, पण ‘इथे दुखतंय’ असं बोट ठेवून सांगता येतंच असं नाही. रक्त देतानाच हिमोग्लोबिन, बी-१२ आणि सीलिअॅकची तपासणी करून घे. सीलिअॅक म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणं, ते ह्यांच्यात जास्त आढळतं. मात्र कुणी सांगितलं म्हणून आधीच पोळी बंद करू नकोस, नाहीतर तपासणीत काही दिसणार नाही.

आता झोप, कारण तो दिवसा पेंगतो हे तू दोनदा लिहिलंयस. माई लहानपणापासून मांडी घालून, पुढे वाकून, कपाळ गादीला टेकवून झोपायची. आम्हाला कौतुक वाटायचं, पाहुण्यांना दाखवायचो. तो तिचा श्वास मोकळा ठेवायचा उपाय होता. आडवी झाली की घसा मिटायचा, म्हणून शरीरानेच ती बैठक शोधली होती. झोपेत श्वास अडकण्याचा हा त्रास, स्लीप अॅप्निया, डाउन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना असतो. रात्रभर मेंदूला धड विसावा नाही, मग दिवसा सुस्ती, चिडचिड, कामात मन नाही. आणि झोपेच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. म्हणून ती गोळी चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना झोपेच्या तपासणीबद्दल विचारूनच ठरव. स्वतःहून एकदम बंद करू नकोस.

माईची तपासणी पुण्यात एक रात्र राहून केली आणि झोपेत मास्कमधून हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन मिळालं. लोक सांगतात की ही मुलं तोंडाला मास्क लावूच देत नाहीत. आम्ही आधी तो तिच्या हातात दिला, मग मी लावला, मग तिच्या बाबांनी लावून मालिका पाहिली. मग तिने, दहा मिनिटं, मशीन न लावता. रात्रभर लावायला पाच आठवडे लागले. आज आम्ही विसरलो तर तीच आणून देते.

स्वतःशी बोलण्याला एवढं घाबरू नकोस. डाउन सिंड्रोम असलेले कितीतरी प्रौढ असे बोलतात. दिवसभर काय झालं ते परत लावून बघतात, कुणी रागावलं असेल तर त्याला उत्तर देतात. तेवढ्यावरून वेडावर देतात ती औषधं सुरू करू नयेत. पण बोलण्याचा सूर बदललाय का ते बघ: घाबरलेला, शिव्या देणारा, स्वतःलाच मारणारा. आणि दाराबाहेर बसून ऐक. मला माईचं दुखणं तिथूनच कळलं.

गोळ्या सुरू झाल्या, कान उघडले, झोप लागायला लागली, तरी एका चप्पलेचं उभं राहणं थांबेना. एकदा दुपारी ती खोलीत एकटीच बोलत होती. ‘गाडी आली. आजी आणायची. चला.’ सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. माईला त्रास नको म्हणून तिला त्या दिवशी शेजारी पाठवलं आणि संध्याकाळी सांगितलं, आजी गावाला गेली. गावची एसटी सकाळची. ती रोज सकाळी आजीला आणायला निघत होती आणि कुणीच तिच्याबरोबर येत नव्हतं.

मग खरं सांगितलं. ‘आजी मेली. शरीर बंद पडलं. आता परत येणार नाही.’ देवाघरी, झोपली, लांब गेली, असं काही नाही, कारण ती प्रत्येक शब्द धरून बसते. फोटोला हार तिच्या हाताने घातला. नरसोबाच्या वाडीला गेलो, नदीकाठी बसलो, अस्थी इथेच सोडल्या हे दाखवलं. ती रडली. महिनाभर रोज तोच प्रश्न आणि आम्ही रोज तेच उत्तर. दिवाळीच्या आधी ती दोन्ही पायांत चपला घालून कार्यशाळेत गेली.

म्हणून बाबांबद्दलचं तुझं ते वाक्य मला पटलं नाही, हे रागावून नाही सांगत. ह्या लोकांचं दुःख पुष्कळदा उशिरा, कधी सहा-आठ महिन्यांनी वर येतं, आणि ‘मला वाईट वाटतंय’ असं न म्हणता येतं. अंघोळ लांबते, जेवण सुटतं, शिकलेली कामं गळून पडतात. बाबा त्याला अंघोळीला मदत करायचे का? जेवायला शेजारी बसायचे का? ज्या ज्या कामात तो अडतोय, तिथे पूर्वी बाबा होते का, एवढं एकदा आईला विचार.

मात्र काही गोष्टींना थांबायचं नाही. काही आठवड्यांतच बोलणं पूर्ण बंद झालं, तासन्‌तास एकाच अवस्थेत थिजून राहिला, पाणीही घेईना, तर लगेच मेंदूविकारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांना दाखव. तरुण वयात असं अचानक मागे जाणं हा डाउन सिंड्रोममधला वेगळा ओळखलेला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तसंच चाल बदलली, पाय लटपटले, मान वाकडी धरायला लागला किंवा कपड्यात लघवी व्हायला लागली, तर मानेचे वरचे मणके बघून घ्यायला सांग. ते ह्यांच्यात सैल असू शकतात आणि मज्जारज्जूवर दाब आला तर वेळ घालवून चालत नाही.

आता आई. नवरा जाऊन वर्ष नाही झालं, रात्री मुलासाठी उठायचं, सकाळी तासभर न्हाणीच्या दाराशी उभं राहायचं. ती चिडत नाहीये गं, थकलीय. माझा रक्तदाब मी ‘माईचं एकदा मार्गी लागू दे’ म्हणत दोन वर्षं दाखवला नव्हता आणि चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडले. मी पडले आणि माई तिथे एकटी होती. भावाचं रक्त द्यायला जाल तेव्हा आईचंही द्या, एकाच फेरीत. आठवड्यातले दोन तास, दिवस ठरवून, भाऊ तुझ्याकडे. तेवढ्या वेळात तिने घरकाम करायचं नाही. बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

कागदांचं थोडक्यात सांगते, तेही मन शांत ठेवणारं काम आहे. मूल १८चं झालं की कायद्याने आई आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. तिथेच निरामय ह्या आरोग्य विम्याची चौकशी कर, वर्षाला १ लाखापर्यंतचा आहे. बाबा सरकारी नोकरीत असतील तर आईनंतर भावाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. त्याचं नाव आई आहे तोवर नोंदवून घ्या.

ह्या आठवड्यात एवढंच कर. रात्री दोन-तीनच्या सुमारास तो झोपलेला असताना मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण कर. चेहऱ्यावर दिवा नको, आवाज यायला हवा. घोरता घोरता मध्येच शांत होतो का आणि मग हिसका देऊन श्वास घेतो का, ते त्यात कळेल. ते आणि टीएसएचचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे भावाला बाहेर बसवू नका, त्याच्याबद्दलचं त्याच्यासमोरच, त्याला विचारत बोला. काय निघालं ते मला कळव, मी वाट बघतेय.