व्हॅन दारात आली होती का?

प्रश्न : ताई, घरबसल्या पदवीचं शिक्षण देणाऱ्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या सुरुवातीच्या वर्षांवर मी लघुप्रबंध लिहितो आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या अकरा मुलाखती घेतल्या. त्यातल्या नऊ जणांनी एकच सांगितलं, भल्या पहाटे उठून टीव्हीसमोर बसायचो आणि तसेच पदवीधर झालो. चौघांनी, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या हॅरॉल्ड विल्सन यांनी ईस्टरच्या सकाळी एका बैठकीत अख्खं विद्यापीठ कागदावर उतरवलं, ही गोष्ट ऐकवली. कागदपत्रं वेगळंच सांगतात. मार्गदर्शक म्हणतात, दंतकथा गाळा, सनावळी ठेवा. गाळू का?
— एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : गाळू नका. मी एकदा गाळली होती आणि ते मला आजही डाचतं.

बरीच वर्षं झाली. याच विद्यापीठाच्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलाखत घेत होते. १९७१ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला, २० जानेवारी ते ८ मार्च. विद्यापीठाचे पहिले वर्ग जेमतेम सुरू झालेले, अभ्यास पुस्तिकांवर आणि पुस्तिका टपालाने यायच्या. मग विद्यापीठाने स्वतःची वाहतूक उभी करून साहित्य पोचवायची धडपड केली. बाईंनी मला तो दिवस बारकाव्यांनिशी सांगितला. पाऊस, दारात थांबलेली व्हॅन, ओलं झालेलं पाकीट. घरी येऊन त्यांची कागदपत्रं पाहिली, तर त्यांचा प्रवेश पुढच्या वर्षीचा. मी तो भाग खोडून टाकला. त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही, की ही व्हॅन तुमच्या आठवणीत कुठून आली. विद्यापीठ स्वतः होऊन माझ्या दाराशी आलं, हे त्यांना सांगायचं होतं असं मला आता वाटतं. पण विचारायची वेळ निघून गेली.

तुमच्या नऊ जणांकडे याच कानाने ऐका. बीबीसी टू या वाहिनीवर विद्यापीठाचा पहिला कार्यक्रम ३ जानेवारी १९७१ रोजी लागला. सुरुवातीला कार्यक्रम मुख्यतः संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी सकाळी असत. पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या वेळा पुढे वाढल्या. म्हणजे पहिल्या तुकडीतला माणूस 'पहाट' म्हणतो तेव्हा तो पुढच्या वर्षांची पहाट मागे नेऊन ठेवतो आहे. शिवाय अभ्यासाचा खरा भार टीव्हीवर नव्हताच. तो छापील पुस्तिका, टपालाने पाठवायचे स्वाध्याय, त्यावर शिक्षकांनी लिहिलेले शेरे, अभ्यासकेंद्रातल्या भेटी आणि उन्हाळी निवासी वर्ग यांवर होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तर प्रयोगाची पेटी घरी यायची, तीत छोटा सूक्ष्मदर्शकसुद्धा असे. मग पेटी आणि शेरे मागे पडून टीव्हीच का उरला? तो शेजाऱ्यालाही दिसत होता, हे एक कारण मला पटतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रात्री एकट्याने लिहिलेला निबंध कुणाला दिसतो? शिकणाऱ्याला आपले कष्ट चारचौघांना ओळखीचे वाटतील अशा चित्रात सांगावे लागतात. तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण इथेच आहे.

ईस्टरच्या गोष्टीचं मूळ खुद्द विल्सन यांच्याच सांगण्यात आहे. १९६३ चा ईस्टर, सिली बेटांवरचं घर, चर्चहून परतल्यावर जेवणापर्यंतच्या वेळात लिहिलेला आराखडा. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ग्लासगोच्या भाषणात 'युनिव्हर्सिटी ऑफ द एअर', म्हणजे रेडिओ-टीव्हीवरून शिकवणारं विद्यापीठ, मांडलं, हे नोंदलेलं आहे. पण एका सकाळची गोष्ट आली की बाकीचे सगळे पडद्याआड जातात. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना पदव्या देत होतं. समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी मुक्त विद्यापीठाची कल्पना १९६२ मध्येच लेखातून मांडली होती. आणि सगळ्यात जास्त अन्याय होतो तो जेनी ली यांच्यावर. स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराची ही मुलगी, पुढे विल्सन सरकारात मंत्री. १९६५ मध्ये हे काम त्यांच्याकडे आलं, १९६६ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. पदवी इतर विद्यापीठांच्या तोडीचीच हवी, यावर त्या अडून बसल्या. दुय्यम प्रतीचं काहीतरी स्वस्तात उरकायला त्यांनी ठाम नकार दिला. मला विचाराल तर हे विद्यापीठ टिकलं ते या हट्टामुळे. २३ एप्रिल १९६९ ला सनद मिळाली, त्यामागे अशी चार वर्षांची झुंज आहे, आणि ईस्टरच्या गोष्टीत तिला ओळभरही जागा नाही. ही गोष्ट कोण सांगतं आणि कोण सांगत नाही, हे तुमच्या चौघांच्या बाबतीत तपासा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला भेटेलच : हुजूर पक्षाचे नेते इयान मॅक्लिऑड वारले म्हणून विद्यापीठ वाचलं. त्यांनी या कल्पनेला 'निव्वळ मूर्खपणा' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. जून १९७० मध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला, ते अर्थमंत्री झाले आणि २० जुलैला त्यांचं निधन झालं. तारखा खऱ्या. पण विद्यापीठ चालू ठेवण्याचा निर्णय शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांच्या काळात झाला, आणि कमी खर्चात जास्त पदवीधर हा हिशेब त्यांना पटण्यासारखा होता. मृत्यूची गोष्ट सांगायला सोपी, हिशेबाची रटाळ. म्हणून पहिली पसरली.

'कष्टकऱ्यांचं विद्यापीठ' ही प्रतिमा मात्र जपून हाताळा. १९७१ च्या पहिल्या तुकडीत सर्वांत मोठा गट शाळाशिक्षकांचा होता. हा आकडा हातात आला की ती प्रतिमा खोटी ठरवायचा मोह होतो. पण त्या शिक्षकांतले कितीतरी जण पदवीशिवायच वर्गावर उभे होते. त्यांच्या आई-वडिलांचे व्यवसाय विचारलेत का? नसतील तर विचारा, मग ठरवा.

मार्गदर्शकांना सांगा, सनावळी राहील. आख्यायिका मजकुरात घ्या, तिच्या शेजारी कागदपत्रातली तारीख ठेवा आणि दोन्हींतलं अंतर हाच तुमचा विषय करा. मुलाखतींना परत जाल तेव्हा चूक दाखवायला जाऊ नका. पुस्तिका घरात कुठे ठेवायचात, स्वाध्याय टपालात टाकायला कोण जायचं आणि पहाटे टीव्ही लावल्यावर आवाज किती ठेवायचात, एवढं विचारा.