शब्द तेच ठेवून केवळ जोर बदलला, तर इंग्रजी वाक्याचा अर्थ खरोखर बदलतो का? हे घरबसल्या शिकता येते का?

अर्थ बदलतो, आणि इतका बदलतो की निव्वळ व्याकरणाच्या भरवशावर बसणाऱ्यांची फजिती होते. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नवखी असताना अमेरिकेतील ग्राहकाबरोबर दर आठवड्याला फोनवर बैठक होत असे. आमचे साहेब व्याकरणात पक्के होते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. नवी आवृत्ती शुक्रवारी मिळेल का, असे ग्राहकाने एकदा विचारले, तेव्हा साहेबांनी प्रत्येक शब्द सुटा करत सावकाश उत्तर दिले, "वुई कॅन गिव्ह इट ऑन फ्रायडे." पलीकडून पडलेल्या आवाजात प्रश्न आला, "ओके, देन व्हेन?" साहेबांनी तेच वाक्य 'कॅन'वर आणखी जोर देऊन पुन्हा ऐकवले आणि गोंधळ वाढला. शेवटी मी चॅटमध्ये 'येस, फ्रायडे' असे टाईप केले, तेव्हा विषय मिटला.

याचे कारण असे की, अमेरिकन बोलण्यात 'कॅन्ट'मधील शेवटचा 'ट' बहुधा नीट उमटत नाही. त्यामुळे ऐकणारा होकार-नकार ओळखतो तो मुख्यतः स्वरावरून आणि जोरावरून. होकारार्थी वाक्यात 'कॅन' दबून जवळजवळ 'कन' असा निसटून जातो आणि जोर पुढच्या शब्दांवर पडतो. नकारार्थी वाक्यात मात्र 'कॅन्ट' पूर्ण स्वरासह ठासून उच्चारला जातो. साहेबांनी भर देऊन म्हटलेला 'कॅन' म्हणूनच समोरच्याला नकार वाटला.

"त्यांना ऐकू येत नसेल तर आपण त्यांची नक्कल का करायची?" असे साहेब नंतर म्हणाले, आणि हा वाद आमच्यात मी ती नोकरी सोडेपर्यंत चालला. माझे मत आजही तेच आहे: जोर म्हणजे नक्कल नव्हे, तो व्याकरणाचाच भाग आहे. 'मीच दिले' आणि 'मी दिलेच' यांतला फरक आपण 'च'ची जागा बदलून दाखवतो; तो 'च' कोणी गाळला, तर आपण त्याला उच्चारांची लकब म्हणून सोडून देत नाही. इंग्रजीत हे काम बऱ्याच अंशी आवाज करतो.

साधारण नियम असा की, विशेष काही सुचवायचे नसेल तेव्हा मुख्य जोर वाक्यातील शेवटच्या अर्थवाही शब्दावर येतो, आणि तो तेथून हलला की काहीतरी सुचवले जाते. "आय थॉट यू वेअर फ्रॉम सातारा" या वाक्यात 'थॉट'वर जोर दिला, तर 'माझा अंदाज बरोबर निघाला' असे सूचित होते. 'सातारा'वर जोर राहिला, तर बहुधा 'म्हणजे तुम्ही तिथले नाही तर' असे. आकड्यांतही हाच घोळ होतो. ३० म्हणताना जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर ('थर्') असतो, १३ सुटा म्हटला तर शेवटच्या ('टीन'). पण 'थर्टीन पीपल' म्हणताना तो पुन्हा पहिल्या तुकड्यावर सरकतो, म्हणून तेथे शेवटचा 'न' स्पष्ट उच्चारणे भाग पडते.

घरबसल्या शिकायचे असेल, तर कोणाचे तरी बोलणे तुकड्यातुकड्याने ऐकावे आणि कोणते शब्द दाबले जातात तेवढेच टिपावे. जोराच्या शब्दांकडे आपले लक्ष आपोआप जाते, दबलेल्यांकडे जात नाही. याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

एक मात्र मान्य करायला हवे. आपापसात बोलताना आपले सरळ, समान जोराचे इंग्रजी अडत नाही, आणि दक्षिण इंग्लंडमधील लोक 'कान्ट' असा वेगळाच स्वर वापरत असल्याने तिथे ही गफलत फारशी होत नाही. साहेबांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे होते. अमेरिकन ग्राहकाशी बोलताना मात्र मी आता 'कॅन'च टाळते, "येस, वुई विल" म्हणते आणि तारीख ईमेलने पुन्हा कळवते.