गांडुळे दिसली म्हणजे माती निर्धोक का?

प्रश्न : गांडुळाच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, असे वाचनात आले. मग जंतूंनी भरलेल्या मातीत ते निरोगी कसे राहते? मातीत जड धातू किंवा कीटकनाशके मिसळली तर त्याच्या प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो? आणि जिथे गांडुळे दिसतात ती माती निर्धोक समजावी का?

उत्तर : आपण वाचलेत ते बरोबर आहे. प्रतिपिंडे ही पृष्ठवंशी प्राण्यांची व्यवस्था असून गांडुळाकडे केवळ जन्मजात प्रतिकारशक्ती आहे. ‘केवळ’ हा शब्द मात्र जपूनच वापरायला हवा, कारण एक ग्रॅम सुपीक मातीत जीवाणूंची संख्या अब्जावर जाऊ शकते आणि गांडूळ त्या मातीत नुसते राहत नाही, तर ती खातेही.

त्वचेवरचा चिकट स्राव आणि आतड्यातील विकर ही संरक्षणाची पहिली फळी झाली. खरी गंमत आहे ती शरीरभित्ती आणि आतडे यांच्यामधल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत, म्हणजे देहगुहेत. या द्रवात मोकळ्या पेशी तरंगत असतात. त्यांतल्या काही अमीबासारख्या सरकत जाऊन जीवाणू गिळून टाकतात, तर काही आतड्याभोवतीच्या पिवळसर ऊतीपासून सुटून आलेल्या आणि कणांनी गच्च भरलेल्या असतात. द्रवात विरघळलेली प्रथिनेही कामात असतात: लायसोझाइम जीवाणूंची भित्ती फोडते, तर आणखी एक प्रथिन जीवाणू आणि बुरशी यांच्या भित्तीतील ठरावीक शर्करा ओळखून धोक्याची सूचना देते. गांडूळखतासाठी वापरल्या जाणाऱ्या आयसेनिया फेटिडा या जातीत सापडलेले लायसेनिन नावाचे प्रथिन तर पेशींच्या पटलाला भोके पाडते. हे गांडूळ बोटांत जरा दाबून धरले की पाठीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव बाहेर येतो. जातीच्या नावातील ‘फेटिडा’चा अर्थही दुर्गंधी असाच आहे. त्या पिवळ्या द्रवाचा एक थेंब अतिनील प्रकाशाखाली धरला तर पेशींमध्ये साठलेल्या रायबोफ्लेविनमुळे, म्हणजे ‘ब-२’ जीवनसत्त्वामुळे, तो चमकतो.

एका पेशीला गिळता येणार नाही इतका परजीवी मोठा असेल, तर अनेक पेशी मिळून त्याला वेढा घालतात आणि त्याभोवती तपकिरी रंगद्रव्याची गाठ तयार होते. अशा गाठी शेपटीकडच्या खंडांत साठत जातात. त्या फोडून पाहिल्यास जीवाणू, परजीवी आणि गांडुळाचे स्वतःचे तुटलेले दृढरोमही (सरकताना मातीला पकड घेणारे बारीक ताठ केसही) एकत्र सापडतात. थोडक्यात, हा कचऱ्याचा कोपराच म्हणायचा, आणि कधी कधी शेपटीचा तुकडा गळून पडतो तेव्हा तो कचराही बरोबर जातो. आपपरभाव ओळखण्याची क्षमताही या साध्या जिवात आहे. १९६० च्या दशकात एडविन कूपर आणि इतर संशोधकांनी एका जातीच्या गांडुळाच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या गांडुळाच्या त्वचेचे कलम केले, तेव्हा सुरुवातीला चिकटलेले कलम काही काळाने शरीराने नाकारले.

आता प्रदूषणाकडे वळू. मातीतील कॅडमियम, शिसे, जस्त किंवा तांबे त्वचेतून आणि खाल्लेल्या मातीतून गांडुळाच्या शरीरात शिरते. कॅडमियमला मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन बांधून ठेवते, तर शिशाचा मोठा भाग आतड्याभोवतीच्या त्याच पिवळसर ऊतीतील कणांमध्ये बंदिस्त होतो. म्हणजे जिथून संरक्षक पेशी निर्माण होतात, विष साठवण्याची कोठीही तीच. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. विषाचा भार वाढत गेला की देहगुहेतील पेशींची संख्या आणि गिळण्याची क्षमता घटते, आणि अशा वेळी जंतूंना तोंड देण्याचे बळ नेमके कमी पडते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र गांडूळ पूर्वीसारखेच वळवळताना दिसते.

म्हणूनच ‘किती मेली’ एवढेच मोजणारी चाचणी मला ढोबळ वाटते. १९८४ मध्ये ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन माती आणि १० टक्के पीट (दलदलीतले अर्धवट कुजलेले वनस्पतिद्रव्य) यांच्या मिश्रणात गांडुळे १४ दिवस ठेवून मृत्यूचे प्रमाण पाहिले जाते. यापेक्षा पेशींची परीक्षा अधिक बोलकी आहे. गांडुळाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन त्यांत ‘न्यूट्रल रेड’ हे रंजक सोडले की ते पेशींतील लयकारिकांमध्ये, म्हणजे पाचक विकरांच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, जाऊन बसते. सुदृढ पेशीत ते बराच वेळ तिथेच राहते. विषाने पटल कमजोर झालेल्या पेशीत मात्र ते लवकर पाझरते आणि आतला सारा भाग तांबूस होतो. हा पाझर किती मिनिटांत झाला, त्यावरून गांडुळावर पडलेल्या ताणाचा अंदाज येतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे ‘नाही’ असे द्यावे लागते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डेव्हन ग्रेट कन्सोल्स ही तांबे आणि आर्सेनिकची खाण बंद पडून दीर्घ काळ लोटला, तरी तिथल्या मातीत आर्सेनिकचे प्रमाण प्रचंड आहे. आणि तरीही लंब्रिकस रुबेलस जातीची गांडुळे तिथे नांदतात, कारण त्यांच्यात हे विष सहन करण्याची क्षमता आली आहे. गांडुळे भरपूर असणे मातीतील सेंद्रिय द्रव्य आणि ओलावा चांगला असल्याची खूण जरूर आहे, परंतु धातूंविषयी शंका असेल तर त्या मातीचे रासायनिक पृथक्करण करून घेण्याला पर्याय नाही.